भावाला कोण सांभाळणार?

पत्राचा गोषवारा: घणसोलीत राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४१, ऐरोलीला आयटी कंपनीत नोकरी, मुलगा आठवीत. गेले सात महिने त्या आणि ऑफिसातले तिघंचौघं दर रविवारी दहा ते बारा या वेळात रबाळ्याच्या बाजूला डोंगराकडेच्या एका वस्तीत मुलांना शिकवतात. वस्तीतली बरीच कुटुंबं जालना-परभणीकडची, नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणारी. सुरुवातीला तीस मुलं यायची, आता बारा-तेरा येतात. त्यातली एक अकरा वर्षांची मुलगी फार हुशार. ताईंनी तिला ‘थोरली’ म्हटलं आहे. दिवाळीपासून तिची शाळा सुटली आणि गेल्या महिन्यापासून ती रविवारीही येत नाही, कारण घरात दीड वर्षाचा भाऊ आहे. ताई आईला समजवायला गेल्या तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, तुमी रविवारी येता. पोरगं रोज असतं.’ ताई लिहितात, ‘मला वाईट वाटलं आणि रागही आला. या लोकांना शिक्षणाची किंमतच नसेल तर आपण आपले रविवार कशाला घालवायचे? नवरा म्हणतो, झालं तेवढं पुरे, सोडून दे. मला वाटतं, निदान त्या एका मुलीला चांगल्या इंग्रजी शाळेत घालावं, फी मी भरेन. काय करू?’

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य थोरलीच्या आईचं आहे. तुम्ही ते तिच्या आडमुठेपणाचा दाखला म्हणून लिहिलंत. मी ते तीनचारदा वाचलं, पण मला त्यात आडमुठेपणा काही सापडेना. शिकून कोणते दिवे लावायचेत, असं ती म्हणाली नाही. पोरीच्या जातीला शाळा कशाला, असंही म्हणाली नाही. तुम्ही विचारलंत आणि तिने घरचं वेळापत्रक सांगितलं, एवढंच.

मी ठाण्यात महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. एवढ्या वर्षांत ‘शाळा नको’ म्हणणारे आईबाप बोटांवर मोजण्याइतके भेटले. ‘शाळा जमत नाही’ म्हणणारे शेकड्यांनी. आणि आम्ही दोघांनाही एकाच रकान्यात बसवत होतो. गैरहजर मुलांची माहिती वर पाठवायची असे, त्यात ‘कारण’ असा रकाना. एका वर्षी मी पहिल्या नावापुढे ‘पालकांची उदासीनता’ असं लिहिलं आणि खालच्या पाच नावांपुढे नुसत्या दोन दोन रेघा मारल्या, म्हणजे वरीलप्रमाणे. सहा घरं, सहा कारणं, आणि मी एका शब्दात मोकळी. त्यातल्या एका मुलाच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता, हे मला वर्षभराने कळलं. तेव्हा ‘शिक्षणाची किंमत नाही’ हे तुमचं वाक्य मी जरा बाजूला ठेवते. तुमच्यावर ठपका ठेवायचा नाहीये. ते वाक्य हातात धरलं की पुढचं काही दिसत नाही, एवढाच अनुभव.

आता नाक्यावरच्या घराचा दिवस बघा. सकाळी साडेसात-आठला नवराबायको नाक्यावर. ठेकेदार टेम्पो घेऊन येतो, माणसं निवडतो, नेतो. दोघांना काम मिळालं तर संध्याकाळी सात वाजेपर्यंत घरात मोठं माणूस नाही. आई घरी राहिली तर तिचा रोज बुडाला. तोही पुरुषापेक्षा कमीच असतो, पण खोलीचं भाडं त्याच्यावर चालतं. मग दीड वर्षाच्या पोराजवळ थांबणार कोण? म्हणजे थोरली ही त्या घराचं पाळणाघर आहे, बिनपगारी. तिला शाळेत पाठवा म्हणजे पाळणाघर बंद करा, असं आपण सांगत असतो, आणि दुसरं पाळणाघर दाखवत नाही.

ही गोष्ट ओळखणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात होऊन गेली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये, त्याआधी तो सगळा मुलूख ठाणे जिल्हाच. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येईनात, कारण कडेवर भावंडं. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पोरींच्या आईबापांना लेक्चर दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. त्या प्रयोगाचं नाव विकासवाडी. भावंडाला पाळणाघरात ठेवायचं आणि बहिणीने शेजारच्या वर्गात बसायचं. पोरं गुरांमागे रानात जायची म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. आधी कडेवरचं पोर उतरवून घ्यायचं आणि मग पाटी हातात द्यायची, हा त्यांचा क्रम. आपण रविवारी रंगीत खडू घेऊन जातो आणि कडेवरचं पोर ‘डिस्टर्ब करतं’ म्हणून बहिणीला लांब बसायला सांगतो. (तुम्ही सांगितलं असेल असं नाही. मी सांगितलेलं आहे.)

तर पहिला प्रश्न इंग्रजी की मराठी, हा नाहीच. भावाला कोण सांभाळणार, हा आहे. त्याच्या दोन-तीन वाटा मला दिसतात, एकही पूर्ण नाही.

अंगणवाडीत मूल बसतं ते तीन वर्षांनंतर. त्याआधी तिथून घरी न्यायचा आहार मिळतो, लसीकरणाची नोंद होते, पण बहुतेक ठिकाणी मूल ठेवून जाता येत नाही. तरीही वस्तीच्या अंगणवाडी सेविकेला भेटाच. कुठल्या घरात सासू आहे, कोणती आजी दिवसभर रिकामी असते, कोण पोरं सांभाळून दोन पैसे मिळवायला तयार आहे, हे तिला तोंडपाठ असतं. अशा आजीकडे तीन-चार घरांची मिळून लहान मुलं ठेवायची आणि घरांनी वर्गणी काढायची. तुम्ही इंग्रजी शाळेची फी भरायला निघाला होतात ना? त्यातला छोटासा हिस्सा या आजीच्या महिन्याच्या पैशात घाला. सगळा भार उचलू नका. घरांनी थोडं दिलंच पाहिजे, नाहीतर तुमची बदली झाली की आजी घरी बसेल. एका थोरलीच्या फीमध्ये चार थोरल्या मोकळ्या होतात, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमेल.

दुसरी वाट वेळेची. नाक्यावर रोज काम मिळत नाही. काम नाही मिळालं की बाया साडेदहा-अकरापर्यंत परत येतात. महापालिकेच्या बऱ्याच शाळा दोन अधिवेशनांत भरतात, आणि दुपारचं अधिवेशन साडेबाराच्या सुमारास सुरू होतं. थोरलीची शाळा सकाळची असेल तर ती पूर्ण बुडते, पण दुपारची असेल तर आई परत आली त्या दिवशी तरी पोरगी जाऊ शकते. थोरलीच्या आईला महिन्यातले किती दिवस काम मिळतं, हे तुम्ही विचारलं आहे का? पत्रात नाही म्हणून विचारते. महिन्यातले बारा दिवस मुलगी वर्गात बसली तर ते पुरेसं नाही, मला मान्य आहे. पण शून्यापेक्षा बारा बरे. पटावर नाव राहतं, बाई ओळखतात, मैत्रिणी टिकतात. एकदा मुलगी ‘शाळा सोडलेली’ झाली की चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचं पुढे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

इथे एक गोष्ट बांधकामाच्या साइटवर शिकवणाऱ्या वाचकांसाठी, कारण घोडबंदर रोडपासून पनवेलपर्यंत असे बरेच जण आहेत. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता. जिथे पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असत, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर देणं त्यात बंधनकारक होतं. २०२५ मध्ये त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, पाळणाघराची तरतूद त्यांतही आहे. हे आपण बिल्डरकडे मागायचं, दान म्हणून नव्हे. मुंबई मोबाइल क्रेशेससारखी संस्था साइटवरच अशी पाळणाघरं चालवते. रविवारचा वर्ग सुरू करायच्या आधी साइटच्या ऑफिसात जाऊन ‘पाळणाघर कुठे आहे?’ एवढंच विचारून बघा. चेहऱ्यावरून बरंच कळतं.

आता थोरलीच्या शाळेबद्दल. दिवाळीपासून ‘सोडली’ म्हणजे नेमकं काय? दाखला काढलाय का नुसतंच जाणं थांबलंय? माझा अंदाज, नाव अजून पटावर असेल. मग नवा प्रवेशही नको, फक्त परत जायचंय. आणि नाव कमी झालं असलं तरी जून उजाडायची वाट पाहू नका. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षभरात केव्हाही प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरीत कोंबायचं नाही. मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. शाळेत ‘बालरक्षक’ म्हणून काम बघणारे शिक्षक असतात, शाळाबाह्य मुलं परत आणणं हेच त्यांचं काम. त्यांना गाठा. शाळेतून तोंडी ‘बघू’ आलं तर साध्या कागदावर अर्ज लिहा, आईची सही किंवा अंगठा घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. पोच मागितली की शाळेला एकदम आठवण येते. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, मला ठाऊक आहे.

पण शाळेत जाल तेव्हा एक करा. बोलू नका. माझ्या ऑफिसात एकदा तुमच्यासारख्याच एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाची आई दाराशी, पदर तोंडाला लावून उभी. पाऊण तास त्या बाई माझ्याशी बोलल्या, अर्धं इंग्रजीत. कायदा पाठ होता त्यांचा. प्रवेश झाला. पुढच्या महिन्यात मूल यायचं थांबलं, तेव्हा मी शिपायाला घरी पाठवलं. आई म्हणाली, कुठल्या वर्गात घातलं ते त्या मॅडमला माहीत, मला नाही. वर्गशिक्षिका कोण, हेसुद्धा त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा थोरलीच्या आईला पुढच्या खुर्चीवर बसवा, तुम्ही मागे. कागद तिच्या हातात. बाईंचा नंबर तिच्या फोनमध्ये. अडली तर मदत करा, पण आधी अडू द्या. वर्षभरात तुम्ही तिथे नसाल, ती असेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कागदावर असतात. वस्तीतली एखादी आई त्या समितीत खरोखर बोलायला लागली तर तुमच्या साठ रविवारांचं काम होतं. हे मी थोडं भाबडेपणानेच म्हणतेय, पण एकदा पाहिलंय.

गावाला जाण्याचाही विचार करून ठेवा. ही कुटुंबं एप्रिल-मेमध्ये लग्नकार्याला गावी जातात, आणि पावसात नाक्यावर काम नसतं म्हणून लवकर परत येत नाहीत. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू झालेली असते. त्या मधल्या महिन्या-दोन महिन्यांत मुलं गळतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड आहे. इथल्या शाळेकडून ते घेऊन गेलं की तिकडच्या शाळेत बसता येतं, आणि परत येताना तिकडून घेऊन यायचं. एप्रिलमध्येच घरोघर विचारा, कोण कधी निघणार, कधी येणार. वहीत तारखा लिहा. रविवारी बाराखडी घेण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे. मला तर जास्तच वाटतं.

तुम्ही आणि तुमचे ऑफिसातले लोक ज्या कामात खरे पटाईत आहात, ते म्हणजे फॉर्म भरणं. हसू नका. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झालेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये आणि आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये मिळतात. अट, शाळेत ७५ टक्के हजेरी. नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, त्यामुळे घोडं नेमकं तिथे अडतं. वस्तीत किती जणांची नोंदणी आहे, किती जणांची संपली आहे, हे दोन रविवारांत कळेल. एक माणूस लॅपटॉप घेऊन फक्त त्याच कामाला बसवा. मुलांना शिकवण्याइतकं हे गोड नाही, कुणी ‘दीदी, दीदी’ करत गळ्यात पडणार नाही. पण आई जेव्हा हिशेब करते ना, शाळा की रोज, तेव्हा त्या हिशेबात अडीच हजार रुपये तुमच्या बाजूने बोलतात.

इंग्रजी शाळेचं. मी नको म्हणेन, निदान आत्ता नको. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठी असतात, थोरलीला त्याचा उपयोग नाही. म्हणजे पूर्ण फी, शिवाय बस, गणवेश, प्रोजेक्टचं सामान, आणि ते दहावीपर्यंत. पाच वर्षं तुम्ही देऊ शकाल का, याचा विचार नवऱ्याशी बसून करा, एकट्याने नाही. पण पैशाहून मला भीती दुसरी आहे. अकराव्या वर्षी मराठी शाळेतून, तीही चार महिने सुटलेली, अशी मुलगी सगळ्या विषयांच्या इंग्रजी पुस्तकासमोर बसली की तिची हुशारी पहिल्या सहामाहीत कुणाला दिसणार नाही, तिला स्वतःलाही नाही. घरी विचारायला कुणी नाही. आणि भाऊ? तो तर तिथेही दीड वर्षाचाच आहे. उरलेली बारा मुलं रविवारी सतरंजीवर बसून हे सगळं बघत असतील, तेही आहेच. एकीला निवडणं आपल्याला प्रेम वाटतं. उरलेल्यांना ते निकालासारखं वाटतं. आठवी-नववीनंतर तिला खरोखर पुढे ढकलायची वेळ येईल, तेव्हा तुमचे पैसे लागतील, तोपर्यंत बाजूला टाकत राहा.

आता तुमचा रविवार. तीसची बारा झाली, याचं दुःख करू नका. पहिल्या महिन्यात तीस येतात ती कुतूहलाने, आणि खाऊ असतो म्हणून. बारा राहिली ती शिकायला राहिली. सात महिन्यांत काय शिकवलं, ते पत्रात नाही. फक्त ‘इंग्लिश, गणित, मूल्यशिक्षण, क्राफ्ट’ असं आहे. दोन तासांत चार विषय शाळेतसुद्धा होत नाहीत हो.

एकच करा, वाचन. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ हा मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल २००५ पासून निघतो, त्यातली चाचणी अगदी साधी आहे. मुलासमोर अक्षरं, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट ठेवायची, आणि कुठे अडतं ते बघायचं. एका मुलाला पाच-दहा मिनिटं. पुढच्या रविवारी शिकवू नका, नुसतं हे करा. मग इयत्ता विसरून गट पाडा. पाचवीतला मुलगा शब्दांपाशी अडला असेल तर तो शब्दांच्या गटात, दुसरीतली पोर गोष्ट वाचत असेल तर ती गोष्टीच्या गटात. एका मोठ्या माणसाकडे एक गट. दर दोन महिन्यांनी परत तीच चाचणी. तुम्हा आयटीवाल्यांना आकडे लागतात, हे आकडे खरे असतील.

आणि घरची भाषा विचारा. तुमच्या वस्तीत लमाणांची घरं असतील तर ती मुलं घरी गोरमाटी बोलतात. ‘आ आईचा’ तुम्ही शिकवता, ती आईला ‘याडी’ म्हणतात. पुस्तकातली मराठी त्यांना तशी परकीच, इंग्रजी त्यानंतरची परकी. अशा वर्गात मूल गप्प बसलं की आपल्याला ते मठ्ठ वाटतं. त्यांना त्यांच्या भाषेत गोष्ट सांगू द्या, तुम्ही ती सोप्या मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून काढा, आणि तीच त्यांना वाचायला द्या. आपली गोष्ट कागदावर बघून पोरं कशी तुटून पडतात ते बघा.

गणिताचंही तसंच. माझ्या वर्गात एक मुलगा होता, आई भाजी विकायची, सुट्टीत तोच पाटीवर बसायचा. मी विचारलं, अठरा रुपयांचा वडापाव घेतला, शंभरची नोट दिली, किती परत? माझं वाक्य संपायच्या आत म्हणाला, ब्याऐंशी. फळ्यावर १०० खाली १८ मांडले आणि खडू दिला. उत्तर आलं ११८. शून्यातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठातून शून्य घालवलं होतं, पुढे एकातून शून्य. मी म्हटलं, अरे, दुकानदार शंभराच्या नोटेवर एकशे अठरा परत देईल का? तो हसला आणि म्हणाला, ‘बाई, ते दुकानातलं. हे शाळेतलं.’ मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अजून ते ऐकू येतं. रविवारी खेळण्यातल्या नोटा घेऊन जा, वर्कशीट राहू द्या.

तीन हात नाक्याच्या पुलाखालची सिग्नल शाळा तुम्ही येताजाता पाहिली असेल. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका ती २०१६ पासून चालवतात, सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी. लोकांना कंटेनरमधल्या वर्गांचं अप्रूप वाटतं. मला अप्रूप वाटतं ते याचं, की ती रोज भरते. तुम्हाला रोज जाता येणार नाही, आणि तसा आव आणूही नये. तुमचा रविवार ही शाळा नाही, शाळेला टेकू आहे. मुलं सोमवारी शाळेत गेली का, हा त्या टेकूचा निकाल. सात महिन्यांत त्यांच्या शाळेच्या एकाही शिक्षकाला भेटला नसाल तर या आठवड्यात भेटा.

टेकू लहान असला तरी चालतो, हलता नको. मी निवृत्तीनंतर वागळे इस्टेटच्या एका वस्तीत असाच शनिवारचा वर्ग घेत होते. मध्ये यजमानांचं ऑपरेशन झालं, दोन महिने गेले नाही. कुणाला निरोपही दिला नाही, कसला निरोप, डोकंच ठिकाणावर नव्हतं. परत गेले तर सतरंजीवर तीन मुलं. त्यातला एक म्हणाला, ‘संपली का तुमची सुट्टी?’ त्याला टोमणा मारायचा नव्हता, खरंच विचारत होता. तेव्हापासून मी वहीत पुढच्या चार शनिवारांच्या तारखा लिहून मुलांनाही लिहायला लावते, येणार नसेन तिथे फुली. दर रविवारी जमत नसेल तर महिन्यातले दोन ठरवा, पण ते दोन पावसातही पाळा. तुमच्या गटातल्या चौघांनी निदान एका शैक्षणिक वर्षाचा शब्द द्यावा. ज्याला तो देता येत नाही त्याने फॉर्मचं काम घ्यावं.

थोडक्यात काही गोष्टी, ज्या तुम्हाला खटकतील. ऑफिसातल्या कुणाचा वाढदिवस वस्तीत केक कापून साजरा करू नका. मुलांचे फोटो तुमच्या ग्रुपवर नकोत, तुमच्या मुलाचे असे फोटो कुणी अनोळखी माणसाने टाकले तर चालतील का, तेवढंच बघा. वर्गात कायम दोन मोठी माणसं, जागा उघडी, आणि कुठल्याही मुलाला एकट्याने गाडीवरून घरी सोडायला नेऊ नका, कितीही जीव लागला तरी. कुणा मुलाला मारहाण होतेय, कामाला जुंपलंय, लग्न ठरतंय असं कळलं तर स्वतः सोडवायला जाऊ नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तिथे सांगा.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही मी अगदीच उडवून लावणार नाही. सात महिने त्यांनी आणि मुलाने तुमचा रविवार सोडला आहे. ‘सोडून दे’ म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ‘मला विचार’ असं म्हणायचं असतं. आठवीतला मुलगा गोष्टीच्या गटात मदतनीस म्हणून येतो का बघा, पण सक्ती नको, आणि ‘बघ, ही मुलं कशी राहतात’ असलं प्रवचन तर मुळीच नको. तो गेला तर वाचून दाखवायला जाईल, दर्शनाला नाही.

पुढच्या आठवड्यात एक दिवस अर्धी रजा टाका. मंगळवार, बुधवार, कुठलाही, फक्त रविवार नको. अकराच्या सुमारास वस्तीत जा. काम न मिळालेल्या बाया तेव्हा घरी असतात, त्यांत थोरलीची आई असेल तर तिच्याकडे चहा घ्या, शाळेचा विषय काढू नका. नाक्यावर किती दिवस काम मिळतं, मिळालं तर कुठे जावं लागतं, गावी कोण आहे, हे विचारा. तिने तुम्हाला काही विचारलं तर सांगा. तुमच्या मुलाला दीड वर्षाचा असताना कोणी सांभाळलं, हे ती विचारेल कदाचित.

आणि त्या लहानग्याला थोडा वेळ तुमच्या मांडीवर घ्या, थोरलीला हात मोकळे मिळू द्या. त्याचं नावही विचारून ठेवा. एवढ्या मोठ्या पत्रात ते कुठेच नाही.